उद्घाटनासाठी अडलेलं मशीन

मुलुंडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी ज्युनियर इंजिनियर होतो. आसपासच्या सोसायट्यांचं तारेवरचं इंटरनेट आमच्या एका जुनाट मशीनमधून जायचं. ते बसवलं तेव्हा लोक नेटवर फक्त मेल बघायचे. आता घरोघरी ऑफिस आणि शाळा भरत होत्या. सकाळचे दहा वाजले की सगळं तुंबायचं.

आमच्या साहेबांचा इलाज ठरलेला: मोडेम बंद करून चालू करायला सांगा. त्यानं काही होत नाही हे माहीत असूनही मी दिवसभर फोनवर तेच सांगायचो.

नवं मशीन आलं, तेही खोक्यांतच राहिलं. बसवायला एक दिवस पुरला असता, पण साहेबांना उद्घाटन हवं होतं आणि त्यांच्या वरच्या साहेबांना सवड नव्हती. दीड महिना आम्ही त्या खोक्यांवर चहाचे कप ठेवले. फीत लाल की भगवी यावर साहेबांनी दोन मीटिंगा घेतल्या. इतक्या बिनडोक माणसासमोर मीही मान डोलावत बसलो.

गणिताच्या ऑनलाइन शिकवण्या घेणाऱ्या एक बाई दर सोमवारी येऊन शांतपणे तक्रार लिहून द्यायच्या. एकदा त्यांनी खोक्यांत काय आहे विचारलं. मी खरं ते सांगितलं.

"म्हणजे मशीन इथेच पडलंय, आणि तुम्ही मला मोडेम बंद-चालू करायला लावताय?"

साहेबांची ऑर्डर आहे, असं मी पुटपुटलो. मी साहेबांकडे पाहायचो तशाच नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

त्या रविवारी सकाळी मी आमच्या म्हाताऱ्या लाइनमनला बोलावलं. साहेबांना काय सांगणार, असं त्यानं विचारलं.

"काही नाही. त्यांना कळणारच नाही."

चार वाजेपर्यंत आम्ही सगळ्या लाइन नव्या मशीनवर घेतल्या आणि रिकामी खोकी होती तशीच जागेवर ठेवली. सोमवारी दहा वाजून गेले तरी नेट तुंबलं नाही. साहेबांना खरंच काही कळलं नाही. तक्रारी कमी झाल्या म्हणून त्यांनी स्वतःचीच पाठ थोपटली.

मंगळवारी बाई कनेक्शन बंद करून मोडेम परत करायला आल्या. आता लाइन छान चालतेय, मी म्हणालो.

"चालत असेल," त्या म्हणाल्या, आणि पावती मागितली.

पुढे उद्घाटन झालंच. त्यासाठी मी एका फळीवर हिरवं बटण बसवून दिलं होतं. त्याला एकही वायर जोडलेली नव्हती. वरच्या साहेबांनी ते दाबलं, आमच्या साहेबांनी नेट सुरू झाल्याचं जाहीर केलं, आणि सगळ्यांनी पेढे खाल्ले.