डाव्या कानाचा कोड

'मंगळवार, ११ फेब्रुवारी. सकाळभर वीज नव्हती. ऑफिसात काम बेताचं. दुपारी धाकटी येऊन गेली. तिचं काम केलं.'

थोरलीनं डायरीत तो दिवस एवढ्यावरच उरकला. नेहमी ती पान भरून लिहायची.

इस्पितळाच्या तळघरात, रेकॉर्डच्या खोलीत तिचं टेबल होतं. डॉक्टरांची टिपणं वाचून प्रत्येक आजाराला ठरलेला कोड लावायचा, हे तिचं काम. त्या कोडवर विमा कंपनी शस्त्रक्रियेला परवानगी द्यायची. डॉक्टरांनी जे लिहिलं नाही ते आपल्याला ठाऊक नाही, हा तिथला पहिला नियम. शंका आली तर डॉक्टरांना मोकळा प्रश्न पाठवायचा, उत्तर त्यांच्या तोंडी घालायचं नाही. थोरली याबाबतीत इतकी कडक, की बरोबरीच्या बायका तिला हेडमास्तरीणबाई म्हणायच्या.

धाकटी हवाईसुंदरी. विमान उतरायला लागलं की तिचा कान असा ठणकायचा, की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. नाकामागून कानाकडे जाणारी नळी उघडतच नव्हती. छोट्याशा शस्त्रक्रियेनं ती मोकळी होणार होती. पण शुक्रवारपर्यंत परवानगी आली नाही, तर तिला कायमचं विमानतळावरच्या काउंटरवर बसवणार होते.

आणि डॉक्टरांनी नुसतंच 'नळीचा बिघाड' असं लिहिलं होतं. कोणत्या कानाचा, ते नाही. थोरलीनं प्रश्न पाठवला. डॉक्टर परगावी होते.

"अगं ताई, डावा कान! तुझ्यासमोर कळवळतेय इतकी वर्षं."

"मला माहीत आहे. फायलीला नाही."

"फाईल काय सासू आहे तुझी, एवढं घाबरायला? जन्मभर लोकांच्या चुका काढल्यास. एकदा बहिणीसाठी डोळेझाक कर की!"

थोरलीनं डाव्या कानाचा कोड लावला आणि फाईल पुढे पाठवून दिली.

गुरुवारी डॉक्टरांचं उत्तर आलं: दोन्ही कान. धाकटीचा डावा तेवढा दुखत होता, पण तपासणीत उजवी नळीही बंदच निघाली होती. डॉक्टरांचं म्हणणं एक, कोड दुसराच. विमा कंपनीनं फाईल परत पाठवली. नवा अर्ज करेपर्यंत शुक्रवार उलटून गेला.

शनिवारी साहेबांनी बोलावलं.

"उत्तर यायच्या आधी कोड आला कुठून?"

थोरलीनं समोरची फाईल मिटली.

"तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती, हेडमास्तरीणबाई."

ते नाव साहेबांनाही ठाऊक असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. त्याच दुपारी तिचं टेबल दुसरीला मिळालं. जुन्या फायली खोक्यांत भरायचं काम तिच्याकडे आलं.

घरी येऊन तिनं धाकटीला फोन लावला.

"गुरुवारी डॉक्टर सांगणारच होते ना? मग दोन दिवस दम धरवला नाही तुला?" धाकटी म्हणाली. "सगळ्या जगाला नियम शिकवलेस, आणि नेमकी माझ्याच वेळी माती खाल्लीस!"

"तूच म्हणाली होतीस."

"मी काय, दुखणेकरी माणूस. काहीही म्हणेन. काम तुझं होतं."

फोन बंद झाला. थोरलीनं पुन्हा लावला नाही. पान वाढून घेतलं, अर्धं टाकलं, भांडी घासली आणि डायरी उघडली.

'शनिवार, १५ फेब्रुवारी. गॅसचा सिलिंडर संपला. दुसरा लावला.'