जुन्यावर टाचलेला नकाशा

आम्ही बांधत असलेल्या कारखान्याचं मोठं दार नकाशात पुन्हा पूर्वेला सरकलं होतं. साइट ऑफिसात आमचे सुपरवायझर शिंदे बोर्डावर नवा नकाशा लावत होते, जुने न काढताच, त्यांच्यावर.

"खालचे काढा की आता," मी म्हणालो.

"राहू द्या साहेब. कुठला परत येईल, सांगता येतं का?"

बदल सगळ्यांना समजावणं ही माझी नोकरी. मी मीटिंग घेतो, माणसं माना डोलावतात. दार का सरकलं, हे मात्र वरून मलाच कुणी सांगत नाही. मग मीही जुनं मनातून काढत नाही.

शिंद्यांनी टाचणी जोर लावून दाबली. खाली इतके नकाशे साचले होते की ती बोर्डापर्यंत पोहोचेना. नवा नकाशा जुन्यांच्याच आधारानं लटकत राहिला.