बाहेरच्या बिजागऱ्या

प्रेमलता टिपणीस हे नाव निघालं की मला आधी त्यांचा संतापलेला चेहरा आठवतो. एरवी त्या फार कमी बोलायच्या.

बाहत्तर साली माझ्या यजमानांची बँकेतून कलकत्त्याला बदली झाली. बागबाजारात एका तीन मजली घरातला मधला मजला आम्ही भाड्याने घेतला. आमच्या वर प्रेमलताताई आणि त्यांचे वडील दिगंबरराव राहत. ताई कलकत्त्यातच जन्मलेल्या, मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. दिगंबररावांना ऐकू येत नसे. तळमजल्यावर घरमालक श्यामसुंदरबाबू.

घराच्या मागे एक लोखंडी गोल जिना होता. संडास साफ करायला येणाऱ्या सोमरीने पुढच्या जिन्याला पाय लावायचा नाही, म्हणून तो. प्रत्येक मजल्यावर न्हाणीघराचं दार त्या जिन्यावर उघडायचं.

एप्रिलमधल्या एका दुपारी ताई शाळेतून आल्या, तर मागचं दार एका कडीवर लोंबत होतं. रेडिओ, दोन घंगाळं, आईच्या पैठण्या, सगळं गेलं होतं. दिगंबरराव पुढच्या खोलीत झोपलेले, त्यांना काही कळलंच नाही. ताई वडिलांच्या पलंगाच्या कडेला बसल्या आणि मला म्हणाल्या, "हेमा, तो माणूस इथून गेला असेल. बाबांच्या उशाजवळून. बाबांना जाग आली असती तर?"

पोलीस आले ते तळमजल्यावरच थांबले. श्यामसुंदरबाबूंनी त्यांना चहा दिला आणि वर चढायचे कष्टही वाचवले. "मागच्या जिन्याने येतं कोण? एकटी सोमरी. तिनेच कडी काढून ठेवली असणार," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बिचारी नेहमीप्रमाणे कामावर आली आणि शिपाई तिला घेऊन गेले.

ताईंनी शाळेत रजा कळवली आणि मागच्या जिन्यावर जाऊन उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने त्यांनी मला हाक मारली.

"कडी बघ. आतून घातलेली आहे, अजूनही तशीच आहे. आणि हे बघ काय."

पायरीवर स्क्रू पडले होते. दाराच्या लांब पट्ट्यांच्या बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला होत्या. कुणीतरी जिन्यावर उभं राहून सावकाश सगळे स्क्रू काढले होते आणि दार बिजागऱ्यांच्या बाजूने ओढलं होतं. मग ताईंनी सांगितलं, ही दारं पूर्वी आत उघडायची. मालकांनी न्हाणीघरांत पाण्याचे हौद बांधले, दारं हौदांना अडायला लागली, म्हणून त्यांनी ती उलटी फिरवून घेतली. सुताराने बिजागऱ्या बाहेरून ठोकल्या आणि मालकांनी त्याला विचारलंसुद्धा नाही.

"म्हणजे आमचं दारही..." मी म्हटलं.

"तुमचंही. कुलपं घालतोय आपण, आणि दार चोराच्या हातात!"

स्क्रू रुमालात बांधून आम्ही दोघी ठाण्यावर गेलो. सोमरी व्हरांड्यात जमिनीवर बसली होती. एक गाल सुजला होता. तो बघून ताईंचा आवाज चढला.

"तिने कडी काढून ठेवली असती, तर चोर स्क्रू काढत कशाला बसला असता? उघडं दार लोटून आत गेला नसता?"

ठाण्यातले साहेब म्हणाले, "दीदीमणी, तपास आमच्यावर सोडा."

"तपास? तुमच्यातलं कुणी दार तरी बघितलंत का? चला आत्ता, कडी अजून लागलेली आहे. मी कुणाला हात लावू दिलेला नाही."

साहेब आले नाहीत. पण तासाभराने त्यांनी सोमरीला सोडलं. "जा," एवढंच म्हणाले. चूक झाली, असं कुणीच म्हणालं नाही.

घरी आल्यावर ताईंनी मालकांना सांगितलं, तिन्ही दारांना आरपार बोल्ट घाला, नट आतून, आणि आतून लोखंडी अडसर. मालक हसले. "घर माझं आहे, दीदीमणी. दारात काही दोष नाही. कामवाली बदला."

रविवारी सकाळी ताईंनी माझ्या यजमानांचा स्क्रूड्रायव्हर मागून नेला. आम्हाला वाटलं, वरचं दार नीट करतायत. त्या थेट मागच्या अंगणात उतरल्या आणि मालकांच्याच दाराचे स्क्रू काढायला लागल्या, भर उजेडात, शेजारच्या दोन घरांतले लोक बघत असताना. पाच मिनिटंही लागली नसतील. दार कडीवरच लोंबतं ठेवून त्या आत शिरल्या, स्वयंपाकघर ओलांडलं आणि पुढच्या खोलीत वर्तमानपत्र वाचणाऱ्या श्यामसुंदरबाबूंसमोर उभ्या राहिल्या.

"तुम्ही आत कशा आलात?" ते किंचाळले.

"तुमच्या दारातून. कडी लागलेली आहे, बघून घ्या. आता बोलवा पोलिसांना आणि सांगा, सोमरीने उघडून दिलं."

मालक तणतणले, घर खाली करा म्हणाले. पण त्यांच्या बायकोने ते उघडं भगदाड बघितलं होतं, आणि तिने तिथेच सुतार आणायला फर्मावलं. त्या आठवड्यात तिन्ही दारांना बोल्ट आणि अडसर लागले. पुढे मालक नव्या भाडेकरूंना ते मोठ्या अभिमानाने दाखवायचे, जणू कल्पना त्यांचीच. ताई त्यांच्याशी पुन्हा कधी बोलल्या नाहीत. चोर सापडला नाही, पैठण्याही नाहीत.

सोमरी सुटल्यावर चौथ्या दिवशी कामावर आली. ताईंनी तिला पुढच्या जिन्याने वर यायला सांगितलं. त्यावरून घरात कुरबुर झाली. ताईंनी ती ऐकून घेतली आणि सोडून दिली. पण सोमरी काम संपलं की प्रत्येक दारात थांबायची, पदर झटकायची, दोन्ही हात उघडे करून दाखवायची.

"बघून घ्या, दीदी. काही नेत नाही."

"असं करू नकोस गं!" ताई दर वेळी ओरडायच्या, डोळ्यांत पाणी आणून. "तुझ्याकडे कुणी मागितलंय का?"

सोमरी मान हलवायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा पदर झटकायची. आमची बदली होईपर्यंत, तीन वर्षं, मी ते रोज बघितलं.