ब्रेकला कुंकू

खंडेनवमीला आई कुंकवाची वाटी घेऊन गाडीकडं निघाली, की मी आधी कुंकवात तेल आहे का ते बघतो. काही वर्षांपूर्वी आमच्या जुन्या गाडीचे पुढचे ब्रेक पॅड झिजले होते. लोणावळ्याच्या मेकॅनिकनं सांगितलेल्या रकमेत मला दुसरी गाडी दिसली, म्हणून मी स्वस्तातले पॅड ऑनलाइन मागवले आणि वडिवळ्याला घरच्या अंगणात, मोबाइलवर व्हिडिओ लावून, चाकं खोलली. पॅड ओट्यावर मांडले तेवढ्यात आई आली. "नवी वस्तू हाय, अशीच नगं बसवूस," म्हणाली. कोरड्या पॅडवर कुंकू टिकेना, म्हणून तिनं ते गोडेतेलात कालवून चारही पॅडना भरपूर चोळलं. मी अडवलं नाही. इतक्या स्वस्त मालाला देवाचा हातभार लागेलच, असं मलाही वाटत होतं. मग पॅड बसवून गाडी अंगणाच्या उतारावरून हळूच सोडली. खाली पेंढ्याच्या गंजीपाशी वडील उभे होते. मी ब्रेक दाबला, पण तेलकट पॅड डिस्कवरून नुसते घसरत राहिले. वडिलांना वाटलं मी गाडी लावतोय. "येऊ दे, येऊ दे," म्हणत ते हात हलवत मागं सरकले आणि ऐनवेळी बाजूला उडी मारते झाले. गाडी बोनेटपर्यंत गंजीत शिरली. आई ओट्यावरूनच शांतपणे म्हणाली, "बगितलं? कुंकू नसतं तर आज गाडी इहिरीत असती." गंजीमागं खरंच विहीर आहे, त्यामुळं तेलाचं मी तिला आजवर बोललेलो नाही.