ताईचा हलका पाय

ताईचा नवा पाय अगदी मापात होता, आणि ताई पडत होती. या दोन गोष्टींचा मेळ छोट्याला काही केल्या बसेना.

छोट्या म्हणजे वयानं त्रेसष्ट. इस्पितळामागच्या कारखान्यात लाकडी पाय घडवण्यात त्याची हयात गेली. सगळे त्याला मिस्त्री म्हणत, फक्त थोरली बहीण म्हणत नसे. एकवीस वर्षांपूर्वी अपघातात ताईचा उजवा पाय मांडीपासून गेला, तेव्हा त्यानंच तिला टणक लाकडाचा, चार किलोंचा पाय करून दिला. त्या पायावर तिनं पहिल्या मजल्यावरच्या खोलीत एकटीनं संसार केला, शिकवण्या घेतल्या आणि दोन भाडेकरू हुसकावून लावले. आता तो पाय तडकला होता, आणि तो ओढून ओढून तिची कंबरही कामातून गेली होती.

ताईच्या मुलानं फर्मान काढलं, "रविवारी येतो. आई जिना एकटी चढली तर राहू दे तिथं. नाहीतर माझ्याकडे, तळमजल्यावर, मागच्या खोलीत." मागची खोली म्हणजे सुनेच्या शिवणयंत्राशेजारी एक खाट. ताईनं ती पाहिली होती.

म्हणून छोट्यानं बाल्साच्या फळ्या मागवल्या. सायीच्या रंगाचं, नखानं खड्डा पडेल असं लाकूड. फळ्या एकमेकींना चिकटवून त्यानं पाय कोरला, वरून कापड आणि डिंकाचे थर देऊन टणक केला. दीड किलो भरला! बुधवारी तो तळहातावर तोलत त्यानं ताईला झाडाची सगळी कुळकथा ऐकवली. पाच-सहा वर्षांत तिमजली घराएवढं वाढतं, उभं असताना पाण्यानं गच्च आणि जड असतं, कापून भट्टीत वाळवलं की पिसासारखं होतं.

पट्टे आवळून त्यानं विचारलं, "कसा वाटतो?"

"बांधलास का?" ताई म्हणाली.

पहिल्याच पायरीवर पाऊल भलतीकडे उडालं आणि ती कठड्यावर आदळली.

"माझ्या आधी हाच पोहोचतो रे!"

छोट्यानं लांबी मोजली. गुडघ्याची बिजागरी तपासली. गुरुवारी चपलेला दोष दिला, शुक्रवारी पायरीला. मग त्याचा तोल गेला.

"ताई, तू घाबरतेस."

"मी? तुझ्या सासऱ्यासमोर तुझ्यासाठी कोण बोललं होतं? तू दाराआड उभा होतास."

तेही खरंच होतं. आयुष्यभर त्यानं हरेक पायातून वजन तासून काढलं होतं आणि लोकांनी त्याला दुवा दिला होता. मग हिलाच काय झालं?

शनिवारी सकाळी ती चौथ्यांदा पडली. जमिनीवरूनच म्हणाली, "तुझं ते झाड उभं होतं तेव्हा जडच होतं ना? आडवं झाल्यावर हलकं झालं. मीसुद्धा आडवीच होतेय."

ती टोमणा मारत होती. छोट्या मात्र पाय काढून घेऊन तडक कारखान्यात गेला. घोट्याजवळ भोक पाडलं आणि शिशाचे तुकडे भरले. अर्धा किलो. ताई तीन पायऱ्या चढली. आणखी भरले, तेव्हा सात चढली. दर खेपेला स्वतःच्याच कामाला भोसकतोय असं त्याला वाटे. संध्याकाळी पाय काट्यावर ठेवला. तीन किलो आठशे. काटा बिघडला असेल म्हणून त्यानं दुसऱ्या काट्यावर ठेवला. तेवढाच.

रविवारी मुलगा जिन्याखाली घड्याळ बघत उभा राहिला. कठड्याला हात लावत ताई अठरा पायऱ्या चढली. मधे एकदाच थांबली, तेही मुलाला "तोंड मीट" सांगायला.

वर पोहोचून म्हणाली, "जुन्यानं कंबर मोडली होती. हा बघा, पीस आहे पीस!"

"मामा, कमाल आहे या लाकडाची," भाचा खालून म्हणाला. "राहू दे बाबा हिला इथंच."

शिशाचं नावही न काढता छोट्या वर गेला. खोलीच्या दाराआड जुना पाय उभा होता. तो उचलून पाहिला. चांगलाच जड लागला. दोनशे ग्रॅमचा फरक, आणि तो असा?

"ताई, तो नवा जरा काढून दे."

"कशाला?"

"पुन्हा वजन करतो."

"हात लावून तर बघ," ताई म्हणाली आणि स्वतःच्या खुर्चीत, स्वतःच्या खिडकीपाशी जाऊन बसली.