पाठमोरा गणपती

सरळ गोष्ट उलटी करायची आणि तीच सुलटी आहे असे गावाला पटवायचे, यात माझ्या आत्याच्या यजमानांचा हात धरणारा माणूस अख्ख्या दिवेआगरात नव्हता. कोट ते अस्तर बाहेर काढून घालत. उन्हाने विटायचे ते अस्तर विटो, कोट नवा राहतो. जेवताना आधी ताकभात, शेवटी वरणभात. एका लग्नाच्या पंगतीत त्यांच्या पानावर ताकभात पाहून वाढप्याला वाटले, यांचे आटोपले. तो पुन्हा फिरकलाच नाही. आतोबा अर्धपोटी उठले आणि हात धुताना मला म्हणाले, "हल्ली वाढप्यांना जेवण कळत नाही." यात चूक कोणाची, हे मला अजून उमगलेले नाही.

अशा माणसाच्या डोक्यात तांब्याचा गणपती घडवायचे शिरले. रोज उठल्यावर देवाचे तोंड दिसावे म्हणून आत्याला तो माजघराच्या दारावर हवा होता. त्यासाठी तिने आपले घंगाळ दिले. माहेरचे तेवढेच तिच्याजवळ उरले होते. बोर्लीच्या तांबटाने ते कापून सपाट पत्रा करून दिला आणि सांगितले, "राळेच्या मऊ थरावर पालथा घाला नि पाठीवरून ठोका. तोंड आपसूक उठतं." आतोबांनी पाठीवर डाव्या सोंडेचा सुरेख गणपती रेखला आणि सारा उन्हाळा पडवीत ठोकाठोक केली. माडांवरचे कावळेसुद्धा शेजारच्या वाडीत राहायला गेले. शेवटी पत्रा सोडवून उलटला, तर सोंड उजवीकडे.

"मी डावीच काढली होती," असे म्हणत ते पत्र्याभोवती फिरू लागले. मग देवाची डावी की आपली डावी, यावर वाद जुंपला. भटजी स्वतः गणपतीसारखे मांडी घालून बसले, नाकापासून हात इकडेतिकडे वळवून पाहिला आणि म्हणाले, "उजवाच. याचं सोवळं कडक. रोज पहाटे थंड पाण्याने अंघोळ, ओलेत्याने पूजा. चुकून चालायचं नाही." आत्याला दमा होता. ती एवढेच म्हणाली, "घंगाळ गेलं, नि देवही नाही आला." तिचे डोळे भरले होते.

दुसऱ्या दिवशी गणपती दारावर होता, भिंतीकडे तोंड करून. पाठीकडून सोंड डावी दिसत होती ना! पोट खोलगट, कान खोलगट. वाडीतला गडी बराच वेळ बघून म्हणाला, "देव आत चाललाय का भायेर येतोय, काय समजत न्हाय."

"समजून काय करायचंय? नमस्कार कर," आतोबा म्हणाले. आत्या वर्षानुवर्षे त्या खळग्यालाच हळदकुंकू वाहत राहिली.

पुढे दमा वाढला आणि तिने माजघरातच अंथरूण धरले. मी सुटीत मुंबईहून आगबोटीने गेलो होतो तेव्हा ती आतोबांना म्हणाली, "देवाचं तोंड कसं हो झालंय? मी डोळे भरून बघितलंच नाही." पहाटे विहिरीवरचा रहाट वाजला. जन्मात एक नियम न पाळलेला तो माणूस ओल्या धोतराने कुडकुडत आला आणि त्याने गणपती वळवून लावला. आत्या बघत राहिली. "छान आहे हो," म्हणाली.

ती गेली, पण रहाट वाजायचा थांबला नाही. थंडीत त्यांना खोकताना पाहून एकदा मला राहवले नाही. म्हटले, "आतोबा, आता पुन्हा पाठमोरा लावलात तरी कोण विचारणार आहे?"

धोतराचा सोगा पिळत ते म्हणाले, "नको रे. तिला आता तोंड बघायची सवय झाली आहे."

या माणसाचे उलटे कुठले आणि सुलटे कुठले, हे मला पुन्हा एकदा कळेनासे झाले होते.