अर्ध्या मॅचेस हरलेली टीम आणि आमचं भजन

गेल्या जानेवारीतली गोष्ट. रविवारी सकाळी देवपूजा आटोपली, चहा घेतला आणि फोन पुढ्यात घेऊन बसलो... लंडनच्या अप्पांना सांगायचं होतं, की वेम्बलीला आमच्याऐवजी तुम्हीच गा.

थोडं मागचं सांगतो. इकडे ब्रिटनमधल्या मराठी मंडळांची भजनस्पर्धा असते. प्रत्येक विभागातली पहिली मंडळी वेम्बलीला फायनलमध्ये गाते. आमच्या विभागात मंडळ्याच दोन, आम्ही ब्रिस्टलवाले आणि कार्डिफवाले. त्यात कार्डिफची पेटी वाजवणारी बाळंतपणाच्या रजेवर... मग पहिलं कोण येणार? आम्ही!

आम्ही कसे गातो, ते मात्र ऐकणाऱ्यांना विचारा. मागे लंडनच्या गणेशोत्सवात आमच्या दिलीपने पखवाजाच्या तोंडाला सेल्फ-रेझिंग, म्हणजे केकच्या आपोआप फुगणाऱ्या पिठाची कणीक लावली. गजर रंगात यायच्या आत ती फुगून तडकली आणि पखवाज रिकाम्या डब्यासारखा वाजायला लागला. लोक अजून विचारतात, "काय बुवा, केक झाला का?" बुवा म्हणजे मुख्य गाणारा... म्हणजे मी.

अप्पांची मंडळी लंडन विभागात अगदी थोडक्यात दुसरी आली आणि घरी बसली. अप्पा सत्तरीचे, पण गळा असा, की ऐकताना हात आपोआप जोडले जातात. त्यांनी घरी बसायचं आणि आम्ही स्टेजवर? मी गावच्या शाळेत शिकलो. तिथे काठावर पास झालेला पोरगा पेढे वाटायला लाजायचा... पन्नाशीला आलो तरी तसंच काहीसं वाटत होतं.

नंबर फिरवणार इतक्यात बेल वाजली. दारात शेजारचा गॅरेथ, हातात रेकॉर्ड केलेल्या मॅचची डीव्हीडी. "घरी बायको झोपलीय, तुझ्याकडे बघू दे. आणि निकाल ठाऊक असेल तर तोंड बंद ठेव!"

मला कुठला ठाऊक असायला? अमेरिकन फुटबॉल मी आयुष्यात कधी पाहिला नव्हता. फोन बाजूला ठेवला... खरं सांगायचं तर जरा बरंच वाटलं.

गॅरेथने सगळं समजावून सांगितलं. प्लेऑफ म्हणजे आपली बाद फेरी. समोरच्या दोघांपैकी एक टीम सीझनभर जितक्या मॅचेस जिंकली होती, तितक्याच हरली होती. पण तिच्या गटातल्या बाकीच्या टीम्स आणखी कच्च्या, म्हणून ही गटात पहिली आणि थेट आत. गॅरेथची लाडकी टीम हिच्यापेक्षा बऱ्याच जास्त मॅचेस जिंकली होती... आणि तरीही बाहेर.

चहाचा कप माझ्या हातातच राहिला. अरे, ही तर आमचीच कथा!

"अहो, भांडायचंच आहे तर एवढी हेल्मेटं कशाला घालतात हे?" बायकोने, सुलभाने, उपमा पुढे ठेवत विचारलं. गॅरेथने उपम्यावर केचप ओतला आणि तिने तोंड फिरवलं.

मी भीत भीतच विचारलं, "गॅरेथ, तुला या टीमचा राग नाही येत? यांनी तुमच्या टीमसाठी जागा सोडायला नको होती?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "जागा सोडायची? डोकं फिरलंय का तुझं? माझ्या टीमला घरी बसवून आलेत ना हे? मग आता जीव तोडून खेळा म्हणावं! नाही खेळले, तर मात्र जन्मात माफ करणार नाही मी यांना."

बसल्या जागी काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं...

मॅच एक्स्ट्रा टाइममध्ये गेली. आणि एक बुटका गडी त्या धिप्पाड लोकांच्या गर्दीतून असा काही निसटला, की थेट रेषेच्या पलीकडे! गॅरेथ सोफ्यावर उभा राहून नाचत होता. ज्यांनी त्याच्या टीमची जागा घेतली होती, त्यांच्यासाठी! मीही ओरडलो. देव्हाऱ्यातल्या पांडुरंगाने आमच्या घरात एवढा आरडाओरडा पहिल्यांदाच ऐकला असेल.

पुढच्या आठवड्यात ती टीम हरली म्हणे. पण ते नंतरचं.

गॅरेथ गेल्यावर अप्पांना फोन लावला. "अप्पा, वेम्बलीला आम्ही गाणार आहोत. तुम्ही पहिल्या रांगेत येऊन बसाल का?"

पलीकडे खोकल्याचा आवाज... "येतो. पण आवाज चोरलास, तर मधूनच उठून जाईन हां. आणि त्या दिलीपला सांग, पीठ मी आणतोय. त्याने पिठाला हात लावायचा नाही."

अप्पा खरंच आले. एकटे नाही, आख्खी मंडळी घेऊन आले, आणि प्रत्येकाच्या गळ्यात टाळ. शिवाय वेम्बलीच्या ईलिंग रोडवरच्या भारतीय दुकानातून आणलेलं चपातीचं पीठ. कणीक त्यांनी स्वतः मळली आणि दिलीप हात मागे बांधून शहाण्या मुलासारखा बघत उभा राहिला.

स्टेजवर बसलो. डोळे मिटले, मनात नमस्कार केला आणि नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत अभंग उचलला. आमच्या माणसांनी ओळ झेलली... आणि लगेच पहिल्या रांगेने. भजनात ऐकणाऱ्याला गप्प बसवतच नाही. बघता बघता सगळा हॉल मागे म्हणायला लागला. आमची साथ कुठे संपते आणि हॉल कुठे सुरू होतो, तेच कळेना. परीक्षकसुद्धा टाळ्यांचा ठेका धरून डोलत होते.

नंबर आला नाही. येणारही नव्हता. अप्पांनी पाठीवर एक सणसणीत थाप मारली, तिची ऊब परतीच्या वाटेवर ब्रिस्टलपर्यंत पुरली.

पांडुरंगाची कृपा, आणि गॅरेथची... जागा परत करायला निघालेला मी त्याच जागेवर बसून पोटभर गाऊन आलो.